पहिला भात

"काकू, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे. मी वाचते, तुम्ही दोघं हो म्हणा, की मी निघाले," अनया म्हणाली आणि तिने आपला टॅबलेट डायनिंग टेबलावर उभा केला.

शैला साळवे जोसीला भरवत होती. दीड वर्षाच्या जोसीला भरवायचं म्हणजे कुस्तीच. चमचा दिसला की पोरगी ओठ घट्ट मिटून घ्यायची. मूगडाळ घातलेला मऊ भात, वर तूप, आणि तो ताटलीत बोटांनी कालवलेला असला तरच तोंड उघडायचं. दहा महिन्यांपूर्वी ती या घरात आली तेव्हा बाटलीशिवाय कशालाही तोंड लावत नव्हती.

जोसी शैलाची नव्हती, सरकारची होती. ज्यांना सांभाळणं त्यांच्या आईबापांना जमत नाही अशी मुलं राज्य सरकार काही दिवस, काही महिने लोकांच्या घरी ठेवतं. बॉस्टनच्या पश्चिमेला तासाभरावर असलेल्या या घरात नऊ वर्षांत अशी अकरा मुलं राहून गेली होती. शैलाला आणि प्रसन्नला स्वतःचं मूल झालं नाही. ती शाळेच्या कँटीनमध्ये वाढायची, तो हॉस्पिटलमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि उरलेल्या वेळात दोघं परक्यांची पोरं मोठी करायची. अनया ही जोसीची केसवर्कर, सरकारतर्फे तिच्यावर लक्ष ठेवणारी. आईवडील नागपूरचे, जन्म न्यू जर्सीचा, मराठी मोडकं पण प्रेमळ. अशी मुलं घरी ठेवायचं लायसन्स दर दोन वर्षांनी नवं करावं लागे, त्यासाठी ती आज आली होती.

धूर-अलार्म चालतो का, औषधं कुलपात आहेत का, सगळं झालं. मग सातवं पान आलं. अनयाने ते भराभर वाचलं. घरातल्या मुलाने पुढे कधी आपण मुलगा की मुलगी याबद्दल, किंवा आपलं मन कुणावर जडतं याबद्दल काहीही सांगितलं, तरी आम्ही ते मान्य करू, त्याला पाठिंबा देऊ, त्याविरुद्ध काही शिकवणार नाही, असं त्यात होतं.

"हे नवीन आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही दोघांनी ऑनलाइन साइन केलंय ऑलरेडी. सो, येस?"

"येस," प्रसन्न म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

शैलाचा हात ताटलीत थांबला. "मी सही केलेली नाही."

प्रसन्न फ्रिजकडे बघू लागला. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. गेल्या महिन्यात हे पान आलं तेव्हा शैलाने ते दोनदा वाचलं होतं, आणि "याचं काय करायचं ते बोलू" म्हणून बाजूला ठेवलं होतं. बोलणं राहून गेलं. कॉम्प्युटरवर सही म्हणजे नुसतं नाव टाईप करायचं. त्याने दोन्ही नावं टाईप केली होती.

अनयाने टॅबलेट हळूच आडवा केला. "काकू, मी हे ऐकलंच नाही असं समजू?"

"ऐकलंस ना."

"काकू, शी इज एटीन मंथ्स ओल्ड. ती तुमच्याकडे असेपर्यंत हा प्रश्न येणारसुद्धा नाही. जस्ट से येस ना."

"अगं, उद्या कुठलंही पोरगं येऊन काहीही सांगो, मी त्याला घराबाहेर काढणार नाही. जेवू घालीन, आजारी पडलं तर जागीन. हे लिहून देते, कुठेही सही घे. पण देवाने माणसाला जसं घडवलं असं मी मानते, त्याच्या उलट मी त्या पोराला 'हो, खरं आहे' म्हणून सांगीन, हे मला आज लिहून देता येत नाही. कारण मी सांगणार नाही."

अनया म्हणाली, "मागच्या वर्षी चौदा वर्षांच्या एका मुलीला मी तीन घरांतून उचललं. तीनही घरं चांगली होती. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. रोज फक्त, ती बदलावी म्हणून प्रेअर करायचे, तिच्यासमोर. तिसऱ्या घरातून मी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. तो रूल उगाच नाही आला, काकू."

"नसेल उगाच," शैला म्हणाली. तिला त्या मुलीचं खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून उत्तर बदलत नव्हतं.

आता हा हट्ट म्हणा, श्रद्धा म्हणा, की नगरी ताठा म्हणा. शैलाची आई अहमदनगर जिल्ह्यात मिशनच्या बोर्डिंगात मेट्रन होती. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर साठ मुली ताटं घेऊन ओळीत बसल्या की आई डाव हातात धरून विचारायची, "आज खोटं कोण बोललं?" जी हात वर करील तिला शिक्षा नाही. उलट पातेल्यातला वरचा वाफाळता भात पहिला तिला. शेवटच्या मुलींच्या वाट्याला बुडाचा करपलेला यायचा. त्यामुळे काही बिलंदर पोरी न बोललेलं खोटंही कबूल करायच्या, आणि आई तेही बरोबर ओळखायची.

शैला त्या ओळीत सोळा वर्षं बसली. खरं सांगितलं की वाढणारं माणूस आपल्याकडे आधी वळतं, हे तिच्या अंगी इतकं मुरलं होतं की अनया दाराशी जाऊन बूट घालेपर्यंत तिला वाटत होतं, आता ही वळेल. म्हणेल, काकू, तुम्ही खरं बोललात, जोसी राहू दे तुमच्याकडेच. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने असं समजावं हे हसण्यासारखंच होतं. अनयाने दारात तिला मिठी मारली आणि सांगितलं, "मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. आय अ‍ॅम सो सॉरी."

लायसन्स नवं झालं नाही. पंधरा दिवसांनी गुरुवारी सकाळी जोसीला न्यायला गाडी आली. शैलाने तिची बॅग भरली, कानटोपी घातली, गाडीतल्या सीटचा पट्टा स्वतः लावला. जोसीला वाटलं, फिरायला चाललोय. तिने टाटा केलं. शैलाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. ती आत येऊन भांडी घासायला लागली, आणि ती घासलेलीच होती हे तिला अर्धी झाल्यावर कळलं.

प्रसन्नने त्याच दुपारी पाळणा सुटा केला. एकेक स्क्रू काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला.

"माझं खोटं मी देवापाशी बघून घेतलं असतं," तो बरणीकडे बघत म्हणाला. "तू कशाला मध्ये पडलीस?"

"खोटं माझ्या नावाने होतं."

"हो. होतं." त्याने झाकण लावलं. "आणि ती माझ्या खांद्यावर झोपायची."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तो गरजेपुरतं बोलायला लागला. गाडीत गॅस भरला. दूध संपलंय. उद्या बर्फ आहे.

रविवारी चर्चमध्ये पास्टरने वेदीवरून तिचं नाव घेतलं. राज्य आता आपल्या स्वयंपाकघरात शिरून आपण काय मानावं ते सांगू लागलं आहे, आणि आपल्यातली एक साधी बहीण त्याच्यासमोर उभी राहिली, असं तो म्हणाला. लोक उभे राहिले, टाळ्या वाजल्या. पास्टर म्हणाला ते तिला पटत होतं. टाळ्या कशासाठी ते मात्र समजेना. पोर गेली होती. शेजारच्या बाईने तिचा हात दाबला तेव्हा तिला तो हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं वाटलं.

मग एका संस्थेच्या वकिलाचा फोन आला. धार्मिक स्वातंत्र्याच्या केसेस ते फुकट लढवतात, तुमच्यासारखी जोडपी आणखी आहेत, आपण कोर्टात जाऊ, असं तो फार आदबीने बोलला. शैलाने विचारलं, "जोसी परत येईल?" तो प्रामाणिक होता. म्हणाला, केसला दोन-तीन वर्षं लागतील, तोवर तिची कायमची सोय झालेली असेल, पण पुढच्या कुटुंबांना उपयोग होईल. रिकाम्या पाळण्याशेजारी तुम्हा दोघांचा एक फोटो मात्र लागेल.

"पाळणा सुटा केलाय," शैला म्हणाली. "दुसरं कुणी बघा."

फोन ठेवल्यावर प्रसन्नने विचारलं, "जायचं नाही का कोर्टात? तुझंच बरोबर आहे म्हणतात सगळे."

"बरोबरच आहे," ती म्हणाली, आणि कँटीनचा एप्रन इस्त्रीला घेतला.

शाळेत ती रोज तीनशे मुलांना वाढायची. ट्रे पुढे यायचा, ती डाव भरायची, ट्रे जायचा. कुणी जास्त मागितलं की जास्त द्यायची. दिवस असे निघून जात होते आणि त्यांचं तिला काही वाटत नव्हतं, जड नाही की हलकं नाही.

मार्च अर्धा सरला होता. शनिवारी सकाळी अनयाचा मेसेज आला. नव्या घरच्यांना दोन मिनिटं बोलायचंय, जोसी नीट जेवत नाही, वजन उतरलंय, नंबर देऊ का? शैलाने लगेच "दे" असं लिहिलं. पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल आला.

पडद्यावर चष्म्याची एक तरुण बाई होती, डोळ्यांखाली काळं. मागे पिवळ्या भिंतींचं स्वयंपाकघर. "थँक यू, थँक यू," ती म्हणत राहिली. "तिच्या कागदांवर लिहिलंय, राईस अँड लेंटिल्स. माझी बायको रोज करते. पण जोसी तोंडच उघडत नाही."

मागून दुसरी बाई पुढे आली, हातात पातेलं. तिने ते तिरकं करून दाखवलं.

शैलाने "माझी बायको" ऐकलं. मग पातेल्यात पाहिलं.

"पाणी कमी पडतंय," ती म्हणाली. "एकाला पाच घाला. शिट्टीचा कुकर नसेल तर तासभर शिजू द्या. आणि चमचा नको. चमचा तिला दाखवूच नका."

"मग कशाने भरवायचं?"

"हाताने. आधी ताटलीत कालवायचं."

"म्हणजे कसं?"

कसं ते इंग्रजीत सांगायला शब्द सापडेनात. शैलाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. मागे प्रसन्न आला होता. बोलणं ऐकून तो दारातच थांबला होता. तिने मांडणीवरून जोसीची स्टीलची ताटली काढली आणि फोनसमोर ठेवली. घरात शिजलेला भात नव्हता.

"असं," ती म्हणाली, आणि रिकाम्या ताटलीत पाच बोटं टेकवून कालवू लागली. "गुठळी राहू द्यायची नाही. अंगठ्याने दाबायची. मग तूप. मग एवढा घास."

पडद्यावरच्या दोघी वाकून बघत होत्या. त्यांच्या मागे कुठेतरी जोसीचा आवाज आला. शैलाची बोटं क्षणभर थांबली आणि परत फिरू लागली.

प्रसन्न पुढे आला. ताटली ओट्यावर सरकत होती. त्याने तिची कड एका हाताने धरली.