ऑपरेटरची चूक

खुमेंद्र बिसेन दरेकशाच्या डोंगरात मेला तो गोळी लागून नाही. नक्षलवाद्यांच्या सुरुंगात त्याचा एक पाय गेला होता, पण तो शुद्धीवर होता आणि पोलीस तुकडीचा वायरलेस सेट त्याच्याच पाठीवर होता. ऑपरेटर तोच होता. चौकी तिथून दोन टेकड्यांच्या पलीकडे. मदत मागायला तो दुपारभर सेटवर बोलत राहिला, आणि चौकीतल्या सेटवर खरखरीपलीकडे काही आलं नाही. स्फोटानंतर तुकडी पांगली होती; शेवटी एक जवान पळत चौकी गाठून माणसं घेऊन आला, तोवर खुमेंद्रच्या अंगात रक्त उरलं नव्हतं.

ही दोन हजार पाच सालची गोष्ट. ते सेट नवे कोरे होते. गोंदियाच्या मुन्नालाल नावाच्या व्यापाऱ्याने ते पुरवले होते. विकण्यापूर्वी त्याने त्यांची चाचणी करून दाखवली होती, पण ती एका सपाट मैदानावर. तिथे आवाज घंटेसारखा खणखणीत येत होता. खुमेंद्र गेल्यावर चौकशी लागली. मुन्नालालने पुन्हा तेच मैदान, तेच सेट, तोच खणखणीत आवाज दाखवला. सेटमध्ये दोष नाही, जखमी जवानाने घाबरून चुकीचं बटण दाबलं असावं, असं ठरलं. ऑपरेटरची चूक.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण मुन्नालाल हार घेऊन सालेकशाजवळच्या खुमेंद्रच्या गावात सांत्वनाला आला. अंगणात खाटेवर बसून, गाव ऐकत असताना तो खुमेंद्रच्या आईला, फुलवंताला म्हणाला, "बहनजी, लड़का बहादुर था. बस, ऐन टाइम पे घबरा गया."

फुलवंताने त्याला पाणी दिलं. आल्या माणसाला देतात तसं, न कळता दिलं. तो गेल्यावर तिने तो गडू उचलला आणि विहिरीत टाकला. पुढे हँडपंपावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही गेली तरी तिच्या कानावर यायचं, पोट्ट्याले मशीन चालवता आली असती तं वाचला असता. मुन्नालालचं बोलणं दाराआडून ऐकलेली तिची मुलगी नीतू तेव्हा नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती.

"तू वायरलेसचंच शिकून राहिली ना?" तेराव्यानंतर फुलवंताने विचारलं.

"हो."

"मंग नीट शिक. त्याले सोडू नको."

नीतू नीट शिकली. नागपूरच्याच एका कॉलेजात शिकवायला लागली आणि तिथल्या दोघा-तिघांना धरून तिने एक काम सुरू केलं. डोंगरदऱ्यांत एका सेटचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, मधला डोंगर तो अडवतो. म्हणून झाडांवर टांगता येतील अशा छोट्या पेट्या बनवायच्या. एका पेटीने आवाज झेलायचा, दुसरीकडे टाकायचा, तिने तिसरीकडे. जवान असो, वणवा विझवणारा वनमजूर असो की पुरात अडकलेल्यांना काढणारी तुकडी असो, दरीतला माणूस बोलला की तो बाहेर ऐकू आला पाहिजे. बाहेरच्या लोकांना ही देशसेवा वाटायची. एका वर्तमानपत्राने 'शहीद भावाच्या आठवणीत' असं काहीतरी छापलं, तेव्हा नीतू नुसती हसली. पेटी पावसात बंद पडली, उन्हात तापून फुटली, माकडांनी ओढून नेली, की तिच्या डोळ्यांसमोर भाऊ यायचा नाही. खाटेवर मांडी घालून बसलेला मुन्नालाल यायचा. मग ती पुन्हा नवी पेटी उघडून बसायची. लग्नाच्या मागण्या येत, त्या तिने परतवल्या. रागाशिवाय दुसरं काही घरात आणायला तिच्याकडे जागाच नव्हती.

आठ वर्षांनी पोलीस दलाने नवी यंत्रणा घ्यायचं ठरवलं. शेवटी दोनच जण उरले. एक नीतूचं कॉलेज आणि दुसरा मुन्नालाल, आता परदेशी बनावटीचे सेट घेऊन. नीतूने ते नाव ऐकलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुःखाने नव्हे, इतक्या वर्षांनी सावज आपल्या पायांनी चालत आलं होतं.

चाचणीचे प्रमुख रहांगडाले साहेब होते. बैठकीत नीतू म्हणाली, "चाचणी मैदानावर नको, दरेकशाच्या दरीत घ्या. आणि जवानाला उतरवू नका. ज्याची यंत्रणा त्यानेच उतरावं, एकट्याने. नाहीतर उद्या परत ऑपरेटरची चूक निघेल."

साहेबांनी मुन्नालालकडे पाहिलं. तो आता साठीला टेकला होता, सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावायला लागला होता. समोरची बाई कोण ते त्याने ओळखलं नव्हतं.

"क्यों नहीं," तो म्हणाला. चारचौघांत दुसरं काय म्हणणार?

एप्रिलातली सकाळ होती. मोहफुलं वेचून बायका घरी परतत होत्या. जवानांनी आदल्या दिवशीच सगळा भाग तपासून ठेवला होता. पहिली पाळी नीतूची. तिला दरीत न्यायला दरेकशाचा पुनाराम मडावी आला. खुमेंद्र गेला त्या दिवशी याच दरीत बांबू तोडताना याच माणसाला तो सापडला होता. भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी त्यानेच त्याला पाजलं होतं.

उतरता उतरता पुनाराम एका काळ्या खडकापाशी थांबला. "इथं टेकून बसला होता बाबू," तो म्हणाला. "घाबरला नोहता. बटन दाबे, बोले, कान लावे. पुन्हा बोले. मी पाहून राहिलो होतो. त्या डब्ब्यातून कोनी बोलेच ना."

"चौकशीत सांगितलं नाही का तुम्ही?"

"मले कोन इचारते, बाई?"

नीतू खडकाला टेकून बसली. सेटचं बटण दाबलं आणि नाव सांगितलं. चौकीतून लगेच उत्तर आलं, इतकं स्पष्ट की मागे कुणीतरी खोकललेलंही ऐकू आलं. तिच्या पेट्या आपलं काम करत होत्या. तिला आनंद व्हायला हवा होता. ती पुनारामला म्हणाली, "दुपारी त्याला याच खडकापाशी आणा. आणि बोलणं लागो न लागो, तुम्ही त्याला सोडून वर या."

पुनारामने तिच्याकडे पाहिलं. "एकटाच सोडू?"

"एकटाच."

तो मान हलवून चालू लागला. 'काऊन?' असं कारण त्याने विचारलं नाही.

दुपारी मुन्नालाल उतरला. त्याच्या पाळीत नीतूच्या पेट्या बंद असायला हव्या होत्या, आणि तिने साहेबांना तसं सांगितलंही. खरं तर त्या चालू होत्या, मुन्नालालच्या सेटच्या लहरीवर लावलेल्या. फक्त त्यांचा आवाज चौकीतल्या भोंग्यात न येता तिच्या कानातल्या यंत्रात येत होता. चौकीच्या ओसरीवर एका बाजूला, आपल्या सामानापाशी ती बसली.

चौकीतल्या मुन्नालालच्या सेटवर खरखर सुरू झाली. ओळखीची खरखर. साहेब थोडा वेळ थांबले, मग चहा मागवला. नीतूच्या कानात मात्र शब्द न् शब्द येत होता.

"कंट्रोल, मुन्नालाल बोल रहा हूँ. ओवर." आवाज रुबाबदार होता. मग जरा मोठा. मग चिडका. "अरे, कोई सुन रहा है क्या?" मग तो पुनारामला हाका मारू लागला. पुनाराम तर येऊन चौकीच्या फाटकाशी उकिडवा बसला होता.

"अजून संपर्क आला नाही त्यांचा?" साहेबांनी विचारलं.

"रेंज शोधत असतील," नीतू म्हणाली.

ती ऐकत राहिली. खुमेंद्रही असाच बोलला असेल. आधी नियमाप्रमाणे, मग नियम सोडून. इतक्या वर्षांत तिला फार वेळा वाटलं होतं की भावाचा तो आवाज आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाही. आता दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकताना तिला गार पाणी प्यायल्यासारखं वाटत होतं.

मग दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी. मुन्नालाल एकटाच वर चढायला गेला होता आणि पडला होता. "पैर टूट गया," तो रडत सांगू लागला. "कोई है? पैर टूट गया मेरा."

नीतूचा हात बटणावर होता. तिने तो उचलून मांडीवर ठेवला. ओसरीवर जवान गप्पा मारत होते, खालून मालगाडी गेली. कानात तो माणूस देवाची नावं घेत होता, मुलांची घेत होता. ती हलली नाही. तासभर तरी ती तशीच बसून होती.

मग आवाज थांबला. नुसता श्वास, तोही तुटक. तेव्हा तिला पहिल्यांदा धास्ती वाटली, पण ती त्याच्या जिवाची नव्हे. हा असाच न बोलता मेला, तर खुमेंद्रच्या नावावरची चूक कायमची राहील. तिने बटण दाबलं.

"मुन्नालालजी, ऐकू येतंय?"

"हाँ! हाँ, बेटी, भगवान के लिए..."

"मी खुमेंद्र बिसेनची बहीण. तुम्हाला सोडलं त्याच खडकाला टेकून तो बोलत होता. घाबरला होता का तो?"

त्याने ओळखलं असावं. "पहले आदमी भेजो, बेटी."

"आधी सांगा. मैदानावरच चाचणी काऊन घेतली होती?" इतक्या वर्षांच्या शहरी मराठीतून गावचा शब्द कधी बाहेर आला, तिला कळलं नाही.

तिने दुसऱ्या हाताने भोंगा चालू केला. चौकीच्या अंगणात मुन्नालालचा कण्हणारा आवाज भरला, तसे साहेब चहाचा कप तसाच ठेवून उठले.

"पहाड़ में नहीं चलते थे वो सेट," मुन्नालाल म्हणाला. "मुझे पता था. लड़के की कोई गलती नहीं थी. अब तो भेजो किसी को, मैं मर जाऊँगा."

साहेबांनी एका शब्दात तुकडीला स्ट्रेचर घ्यायला सांगितलं. सगळ्यांच्या पुढे पुनाराम पळाला, त्याला वाट ठाऊक होती. मग साहेब नीतूकडे वळले.

"कधीपासून ऐकत होतात?"

"पहिल्यापासून."

"पडला तेव्हाही?"

"हो."

"तो गप्प झाला नसता तर?"

नीतूने विचार केला. खोटं बोलता आलं असतं. "अजून ऐकत बसले असते," ती म्हणाली.

"तुमची यंत्रणा आम्ही घेऊ," साहेब म्हणाले. "माझ्या पोरांना ती हवी आहे. पण पुन्हा तुम्ही तिच्याजवळ दिसता कामा नये. मदतीची हाक ऐकून जो बसून राहतो, त्याला मी ऑपरेटर करत नाही."

तसंच झालं. मुन्नालाल वाचला. दवाखान्यातून त्याने शब्द फिरवला, जिवाच्या भीतीने बोललो म्हणाला. पण अंगणभर लोकांनी ऐकलं होतं. साहेबांनी जुने सेट शोधून त्याच खडकापाशी वाजवून पाहिले आणि ते मुके निघाले. खुमेंद्रच्या नावावरचा ठपका पुसला गेला. मुन्नालालचा दलाशी असलेला धंदा संपला, आणि तो काठी टेकत चालू लागला. कॉलेजने नीतूचा राजीनामा मागून घेतला. पेट्या आज डोंगरात टांगलेल्या आहेत, त्यांच्यावर दुसऱ्यांची नावं आहेत.

राजीनामा देऊन ती गावी आली तेव्हा फुलवंता अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. नीतूने सगळं सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर आईने विचारलं, "किती वेळ बोंबलला थो?"

"तासभर. थोडं जास्त असेल."

फुलवंताने हातातली फुलं चटईवर पसरली. "खुमेंद्र दुपारभर बोंबलला," ती म्हणाली. "तू लवकर बटन दाबलं."

नीतूला वाटलं, आई रागावली. पण फुलवंता तशीच खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडू लागली; पोरगा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. नीतू तिच्याजवळ जाऊन बसली. आईच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, तिला ठरवता येईना, कारण आपण लवकर बटण दाबलं असंच तिलाही वाटत होतं.