उलटी बैठक

संस्थेच्या अध्यक्षांनी दुपारी बोलावून घेतलं आणि सांगितलं, शाळेची जागा विकली, हे वर्ष संपलं की शाळा बंद. मी विचारलं, "शिक्षकांना कधी सांगायचं?"

"परीक्षा होऊ दे. आत्ता बोललात तर पालक मुलं काढून नेतील. आणि मॅडम, तुम्हीच शिकवता ना, आपल्या हातातलं वर्तुळाच्या आत, बाकीचं बाहेर? हे बाहेरचं समजा. तुमची सोय आपल्या दुसऱ्या शाळेत केलीच आहे."

माझंच वर्तुळ माझ्या गळ्यात घातलं त्यांनी. एरवी मी असं बोलणाऱ्याची भंबेरी उडवली असती. त्या दिवशी "बरं" म्हणून उठले आणि जिना उतरले. राग नाही, रडू नाही. दाढ काढण्याआधी सुई देतात ना, तसं झालं होतं, फक्त सगळ्या अंगाला.

नेमकी त्याच दिवशी उलटी बैठक होती.

ही टूम माझीच. पूर्वी नियोजनाच्या बैठकीत सगळे पुढच्या वर्षी काय काय छान करू ते सांगायचे आणि ते कागद कपाटात धूळ खायचे. मुख्याध्यापिका झाल्यावर मी ते बंद केलं. आता आधी शाळा बंद पडली असं धरायचं, ती कशामुळे पडली ते शोधायचं आणि तिथून मागे येत आखणी करायची. मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही. प्रत्येकाने आपलं कारण सांगायचं आणि त्यावर आपण काय करणार तेही. मी खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहते आणि गुळमुळीत बोलणाऱ्याला झापते. सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली होती. आता त्यांना याची चटक लागली आहे.

शिक्षकखोलीत चहा आला होता. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कुणीतरी नवा पुठ्ठा सरकवला होता. दुसऱ्या शाळांच्या मुलाखती याच महिन्यात होतात. परीक्षेनंतर कळलं तर यांना कुठेही जागा उरणार नाही. डोक्यात एवढं एकच धडपणे शिल्लक होतं. म्हणून खुर्चीवर न बसताच मी म्हटलं, "शाळा बंद झाली. जागा विकली."

"वा, यंदा जागासुद्धा विकलीत," शिट्टी सर म्हणाले. हे खेळाचे शिक्षक. गळ्यातली शिट्टी आंघोळीलाही काढत नसावेत. "बाई दरवर्षी काहीतरी नवीन आणतात. चला, मी सुरू करतो."

मी तोंड उघडलं. तोवर त्यांनी सुरू केलंही होतं.

"माझ्या तासाला मुलांची पोटं दुखतात. कारण ज्यांना पळता येत नाही त्यांना मी कडेला बसवतो. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी वेगळा खेळ."

गणिताचे सर टेबलाकडे बघत म्हणाले, "मी पुढच्या चार हुशार मुलांसाठीच शिकवतो. पुढच्या वर्षी मागच्या बाकापासून सुरू करीन." हा माणूस आजवर प्रत्येक बैठकीत फक्त खिडक्यांच्या काचांबद्दल बोलला होता.

मग वहिनी. माझ्या भावाची बायको, बालवर्ग सांभाळते. घरी मला वन्सं म्हणते, पण शाळेत बाईच म्हणायचं, असा माझा दंडक आहे आणि तिने तो कधी मोडला नव्हता. ती म्हणाली, "दारात रडणाऱ्या मुलाला मी आईच्या हातातून ओढूनच घेते. वेळ वाचतो म्हणून. पुढच्या वर्षी आईला थोडं आत बसू देईन."

पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. इतकी खरी बैठक माझ्या उभ्या नोकरीत झाली नव्हती आणि मला काहीही वाटत नव्हतं. भाषेच्या बाई "समन्वय कमी पडतो" असं काहीतरी बोलल्या. एरवी त्या वाक्याचं मी भरीत केलं असतं. मी नुसती मान हलवली.

वहिनीने कप खाली ठेवला. "तुम्ही आज कुणालाच झापलं नाहीत," ती म्हणाली. "खडूही उचलला नाहीत."

सगळे फळ्याकडे बघायला लागले. फळा कोरा होता.

"वन्सं," ती म्हणाली, "खरंच का?"

"खरंच."

मग मी सगळं सांगितलं. अध्यक्ष, परीक्षेपर्यंत गप्प राहायची अट, मुलाखती, माझी झालेली सोय. "तुम्ही सांगितलेल्यातलं एकही कारण नाही," मी म्हटलं. "तुमच्यामुळे काही झालेलं नाही." मला वाटलं, हे ऐकून त्यांना जरा बरं वाटेल.

गणिताच्या सरांनी चष्मा काढून हातात धरला. "म्हणजे मी मागच्या बाकापासून शिकवलं असतं तरी..."

"तरीही."

मी खडू घेतला आणि फळ्यावर वर्तुळ काढलं. "बाहेरचं ठरून गेलंय," मी म्हटलं. "आत काय आहे ते बोला."

शिट्टी सर म्हणाले, "अनुभवाचे दाखले. तुमच्या सहीचे. मुलाखतीला लागतील."

"आत्ता देते," मी म्हटलं आणि वर्तुळात लिहिलं, दाखले.

संध्याकाळपर्यंत लिहीत बसले. नोकरीची वर्षं, विषय, वागणूक आणि खाली प्रत्येकाची एक ओळ: यांनी पुढच्या वर्षी काय करायचं ठरवलं होतं. एकेक जण कागद घेऊन गेला. वहिनीचा शेवटचा. तिने तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि समोरच बसून राहिली.

"तुमचा दाखला कोण देणार?"

"अध्यक्ष."

त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी काय करून बसले होते, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. तिने माझ्यापुढचा कोरा कागद आपल्याकडे ओढला.

"पेन द्या."

"तू दिलेला दाखला कोण विचारणार आहे?"

"ते बाहेरचं," ती म्हणाली.

मी तिला पेन दिलं.