सुएझचा दगडी शेणकिडा

मी शेणकिडा बोलतोय. नाक मुरडू नका, इजिप्तमध्ये आम्हाला देवाचा मान होता! तिथल्या थडग्यांत दगडी शेणकिडे ठेवत; मी मात्र तसा जुना, खरा नाही. लक्सरच्या एका कारागिराने मला मऊ दगडात कोरलं आणि जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलं.

जहाजावर इंजिनिअर असलेल्या हरीश दातारांच्या खिशातून मी सिंगापूरला आलो. तिथल्या टॅम्पिनीस भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांची लेक कस्तुरी मला मुठीत धरून झोपायची. बाबा सुट्टीवर आले की एकच गोष्ट मागायची. "आधी सगळीकडे पाणीच होतं. मग पाण्यातून जमीन वर आली," हरीशराव सांगायचे, आणि शेवटी, "ग्रीकांनी हे इजिप्तकडूनच घेतलं बरं का!"

आता हरीशराव निवृत्त झालेत. कस्तुरी विद्यापीठात ग्रीक तत्त्वज्ञानावर संशोधन करते आणि मी तिच्या टेबलावर कागद दाबून बसतो. शेणकिड्याला एवढी बढती पुष्कळ झाली.

परवा तिने आपलं व्याख्यान बाबांना वाचून दाखवलं. ग्रीसचा पहिला तत्त्वज्ञ थेलीस म्हणाला, सगळं पाण्यातून आलं. इजिप्तचे लोक हे कितीतरी आधीपासून सांगत. तो तिकडे गेला होता म्हणतात. "पण त्याने ते तिथूनच घेतलं, याला पुरावा नाही."

हरीशरावांचा चेहरा पडला. "म्हणजे मी सांगायचो ते सगळं खोटं? मग मी कशाला येऊ तुझं व्याख्यान ऐकायला?"

ते बाल्कनीत जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. दोघंही माझीच माणसं.

थोड्या वेळाने कस्तुरी मला घेऊन त्यांच्याजवळ बसली. "बाबा, तुम्हाला ती गोष्ट कुणी सांगितली होती?"

"सुएझला जहाज थांबलं की नाववाले वर येऊन दुकान मांडायचे. एकाला साबणाच्या वड्या दिल्या, त्याने हा किडा दिला. मी चहा पाजला, तेव्हा त्याने गोष्ट सांगितली."

"कुठे लिहून ठेवलीत?"

"चहा पिताना कोण लिहितं गं?"

कस्तुरीने मला त्यांच्या हातात ठेवलं. मग म्हणाली, "थेलीसलाही असंच कुणी सांगितलं असेल. त्याला आता विचारता येत नाही. तुम्हाला विचारता येत होतं, आणि मी आजवर विचारलंच नाही."

व्याख्यानात तिने 'पुरावा नाही' हे वाक्य तसंच ठेवलं. पुढे मला उचलून बाबांची हकीकत सांगितली. एका विद्यार्थिनीने विचारलं, "त्या नाववाल्याचं नाव काय?"

कस्तुरीला ठाऊक नव्हतं. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. हरीशराव उठून उभे राहिले.

"महमूद," ते म्हणाले.

बाबांनो, घरातली माणसं समोर आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. मागाहून आमच्याकडे बघत बसाल, आणि आम्ही पडलो दगड.