वायोलोंचा ठराव

पेलेने नारळाची वाटी खवणीवर दाबली आणि खोबऱ्याबरोबर अंगठाही खरवडला. पांढऱ्या किसात रक्ताचा थेंब पडला. तेवढा कीस तिने पटकन उचलून फेकला, आईने बघू नये म्हणून. पण आईचं लक्ष होतं कुठे? चुलीपाशी बसून तीही समोरच्या बैठकीच्या घराकडेच बघत होती.

त्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. एकेका खांबाला टेकून गावाचे मानकरी बसलेले. पेलेचे आजोबा वायोलो त्यांच्या नेहमीच्या, समुद्राकडच्या खांबाशी.

"आई, आपल्यालाही गावाबाहेर काढतील?"

"गप कीस. शाळेत दिवे लावायचे ते लावलेस ना?"

दिवे लावले होते ते गुरुवारी. बाईंनी टॅबलेटवर एक खेळ लावला होता, वर्गाच्या संसदेचा. हवा त्याने ठराव मांडायचा, बाकीच्यांनी हिरवं नाहीतर लाल बटण दाबायचं. पेलेने मांडलं, इयानेताच्या घरच्यांना परत येऊ द्या. इयानेता तिची जिवाभावाची मैत्रीण. तिचा बाप मानकऱ्यांच्या निकालाविरुद्ध कोर्टात गेला, म्हणून वर्षापूर्वी गावाने त्या घराला हाकललं. चटया, डुकरं आणि इयानेता एकाच ट्रकमधून गेली.

मग खेळाने विचारलं, ठराव कोण मांडतंय? पेले जरा थांबली. गावापुढे स्वतःच्या नावाने पोरंटोरं बोलतात का कधी? घराच्या वतीने बोलतो तो मानकरी. तिने सरळ 'वायोलो' लिहिलं. त्यात काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नाही.

शनिवारी निकाल पालकांच्या फोनवर गेला. वायोलो यांचा ठराव, बाजूने एकवीस, विरुद्ध चार. झालं! रविवारी चर्चमधून बाहेर पडताना आजोबांशी एकही माणूस बोलला नाही.

आता थोरल्या मानकऱ्यांनी घसा खाकरला.

"वायोलो, म्हातारपणी शाळेत नाव घातलंत की काय?"

हशा पिकला. हसणं विरल्यावर थोरल्यांनी फोन चटईवर ठेवला.

"गावाने काढलेल्या घराला परत बोलवा, असं इथे तुमच्या नावाने आलंय. काढताना तुम्हीही हो म्हणाला होतात. पोरांचा खेळ असेल तर तसं सांगा. पोरीला चार फटके द्या, गावाला दंडाची एक डुकरीण द्या, विषय संपला. पण बोल तुमचा असेल, तर त्या घरामागोमाग तुमचंही घर जाईल."

फटक्यांचं काय, चाळीस खाल्ले असते पेलेने. सांगा ना आजोबा, पोरीने लिहिलं म्हणून सांगा, ती मनातल्या मनात विनवत राहिली. आईने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं वळेनात.

आजोबांनी मांडीवरची काथ्याची चवरी उचलून खांद्यावर टाकली. गावापुढे बोलायचं असलं की ते आधी तसं करत.

"नाव माझं आहे ना? मग बोलही माझाच."

एका मानकऱ्याने मान खाली घातली.

"ठीक आहे," थोरले शेवटी म्हणाले. "पुढच्या सोमवारी इथे तोंडाने बोलून दाखवा. मग काय ते ठरवू."

"मेले गं बाई," आई पुटपुटली.

दुपारी आजोबा घरी आले. त्यांनी चवरी खुंटीला अडकवली. पेले खांबामागे उभी होती.

"आजोबा, मला मारा हवं तर, पण..."

"अंगठ्याला काय झालं?"

"खवणी लागली."

"हं. आईचा फोन आण आणि बस इथे." ते चटईवर टेकले. "मी काय बोललोय ते वाच बघू. हळू वाच."

पेलेने वाचलं. "इयानेताच्या घरच्यांना परत येऊ द्या. त्यांच्या नीरफणसाला फळं लागलीत आणि खायला कुणी नाही. कोर्टात तिचे बाबा गेले होते, ती गेली नव्हती."

आजोबांचे ओठ तिच्या शब्दांमागून हलत होते. शेवटच्या वाक्याशी ते अडखळले.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "सोमवारी बघून म्हणता येणार नाही."