पिवळं सोयाबीन आणि मामाची टाकी

मामाने त्या वर्षी तणनाशक सोसणारं सोयाबीन पेरलं आणि मामीला सांगितलं, आता खुरपं भंगारात दे. मामीने दिलं नाही. मामाच्या शब्दावर तिने आयुष्यात एकदाच विश्वास ठेवला होता, लग्नाच्या वेळी.

फवारणी झाली. तण मेलं, सोयाबीन टिकलं, मामा छाती पुढे काढून बांधावरून हिंडला. आठवड्याभरात कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मामी नुसती बघत राहिली. त्यानेच मामा जास्त चिडला आणि पानं पिशवीत घालून माझ्या प्रयोगशाळेत आला. तिथे मी पानं सुकवून, दळून, त्यांत काय कमी आहे ते तपासते.

"मँगनीज कमी पडलंय," मी म्हणाले. "तुझ्या जमिनीत ते आधीच बेताचं. तणनाशक उरलंसुरलं धरून बसतं, पिकाला मिळू देत नाही. पानांवर मँगनीज फवार. पण वेगळं फवार हं, मामा."

"कळतं मला," मामा म्हणाला. म्हणजे कळलं नव्हतं.

तोवर नवं तण उगवलंच होतं. एका फेरीत दोन्ही कामं उरकावीत म्हणून त्याने तणनाशक आणि मँगनीज एकाच टाकीत ओतलं. टाकीतच दोघांची गट्टी जमली, आणि दोन्ही वाया गेली. सोयाबीन पिवळं ते पिवळंच राहिलं, आणि तण मजेत वाढलं.

त्याचा फोन आला. "तुझं मशीन बिघडलंय."

"टाकीत काय काय घातलंस?"

मागून मामी म्हणाली, "सगळं. चहा तेवढा राहिला."

मग दोघांनी वाकून तण उपटलं. मामा दर ओळीला कंबर धरून विव्हळला, मामी पुढे निघून गेली. मँगनीज वेगळं फवारल्यावर पानं हिरवी झाली, पण उशीरच झाला होता.

घरामागच्या चार ओळींत, तिथे कोंबड्या फिरतात म्हणून, मामीने फवारणी होऊच दिली नव्हती; तिथलं तण तिने खुरप्यानेच काढलं होतं. बियाणं तेच होतं. मळणीनंतर मी वजन केलं, तर ओळीमागे तिचे दाणे जास्त भरले.

"तिकडे ऊन चांगलं येतं," मामा म्हणाला.

पुढच्या पेरणीआधी तो माती घेऊन प्रयोगशाळेत हजर. "तुझ्या मामीने पाठवलंय," म्हणाला.

मामीला विचारलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.