पाच वाजताची घंटा

पाच वाजत आले की तोमेकाकूंच्या घरात गल्लीतले उरलेसुरले सगळे म्हातारे गुडघे दुमडून दाटीवाटीने बसत. शाळा बंद पडल्यापासून एवढी माणसं मी एका छपराखाली पाहिली नव्हती. देव्हाऱ्यात काकूंच्या गेलेल्या नवऱ्याचा, कानेइचींचा फोटो. पुढ्यात वाटीसारखी पितळी घंटा. बाहेर नगरपालिकेच्या भोंग्यावर मुलांना घरी बोलावणारं गाणं सुरू होई, आणि कुणी हात न लावता घंटा गुणगुणू लागे.

"आले, कानेइची कामावरून आले," उबुकातामहाराज डोळे मिटून म्हणत. "माई, चहा द्या. गरम आहे ना? तिकडे फार गारठा असतो."

महाराज आधी गाद्या विकत. त्या खपेनात म्हणून आत्म्यांकडे वळले. मंतरलेल्या उदबत्त्या मात्र हातोहात जात.

काकूंचा मोतीबिंदू पिकला होता. लेकीने शहरातल्या इस्पितळात ऑपरेशनची तारीख घेतली, तर महाराजांनी बजावलं, "एक संध्याकाळ घर रिकामं राहिलं, तर ते कायमचे वाट चुकतील." काकूंनी तारीख मोडली. उरलीसुरली नजरही जाणार होती.

मी त्या बंद पडलेल्या शाळेत गाणं शिकवायची. एके दुपारी फुंकून वाजवायची छोटी पेटी घेऊन काकूंकडे गेले. काही म्हातारे आधीच येऊन बसले होते, महाराज भाताचे गोळे हाणत होते. मी एक सूर लावला, घंटा गप्प. दुसरा, गप्पच. मग त्या गाण्यातला लांब सूर धरला, आणि घंटा गुणगुणली.

"बाई, हे काय?" काकू पुटपुटल्या.

"आज लवकर आले," महाराज घाईने म्हणाले.

"अर्धी रजा काढली वाटतं," मी म्हटलं. "मी फुंकलं की येतात, थांबले की जातात. माझी पोरंसुद्धा इतकी ऐकत नव्हती."

मग समजावून सांगितलं. ट्रक गेला की कपाटातल्या बश्या थरथरतात ना, तसंच. घंटेचा जो सूर, तोच बाहेर जोरात वाजला की ती थरथरते. शाळेच्या छपरावरचा भोंगा या वसंतात काकूंच्या कुंपणाशी बसवला, आणि तेव्हापासूनच घंटा बोलायला लागली. हे कुणी जुळवून पाहिलं नाही. गल्लीत घरी बोलवायला मूल उरलेलं नाही, गाणं मात्र रोज वाजतं.

महाराजांनी उदबत्त्या गोळा केल्या. लोक हसले. काकू हसल्या नाहीत.

"म्हणजे इतके दिवस मी चहा कुणाला देत होते, बाई?"

मला फार वाईट वाटलं. "उद्यापासून मला द्या," मी म्हणाले. "मलाही गार चालत नाही."

काकूंनी पुन्हा तारीख घेतली, आणि ऑपरेशननंतर डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर मला न्याहाळलं. "किती म्हाताऱ्या झालात हो तुम्ही."

घंटा अजून पाचला गुणगुणते. काकू तिच्यावर तळहात ठेवतात, ती थांबते, मग दोन कप भरतात. तुमच्या घरी काही आपोआप वाजलं तर आधी बाहेर काय वाजतंय ते बघून या. आणि शेजारी कुणी एकटं असेल, तर महाराज पोचायच्या आत तुम्ही त्याचं दार वाजवा.