सिनेमात मोठ्याने वाजलेला पियानो

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे आणि मी एका सिनेमात काम केलं आहे. त्याचा मला अभिमान वाटायला हवा होता.

अरुंद गल्लीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एका संगीतकारांनी मला विकत घेतलं आणि दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवलं. त्यांच्या पत्नी परिचारिका होत्या. त्यांना कायम रात्रपाळी, त्यामुळे त्या दिवसा पलीकडच्या खोलीत झोपत. संगीतकारांचं कामही दिवसाच चाले. म्हणून त्यांनी पत्नीची जुनी लोकरीची शाल कापली आणि तिची पट्टी माझ्या तारा आणि हातोड्यांच्या मध्ये बसवली. तेव्हापासून मी कुजबुजल्यासारखा वाजू लागलो. त्यांच्या सगळ्या रचना या कुजबुजीतच तयार झाल्या. त्या ऐकताना श्वाससुद्धा जपून घ्यावासा वाटतो, असं लोक म्हणत.

दोघं गेल्यावर मी त्यांच्या मुलीकडे राहिलो. ती रोज दुपारी वडिलांची एक छोटी धून वाजवी.

एके दिवशी एक दिग्दर्शक आले. "ताई, तुमच्या वडिलांवर संगीतमय सिनेमा काढतोय. त्यांचाच पियानो हवा."

"न्या. बाबा घरी कसे वाजवायचे, तेवढं लोकांना ऐकू दे," ती म्हणाली. तिची दुसरी काही अट नव्हती.

स्टुडिओत सूर लावणाऱ्याने माझं झाकण उघडलं. "अरे, याच्या आत कुणी अंथरूण घातलंय!" सगळे हसले. शालीची पट्टी कचऱ्यात गेली. आवाज खणखणीत यावा म्हणून माझ्या हातोड्या घासून टणक केल्या. माझी वाहवा झाली. मग महालासारख्या दिवाणखान्यात नायकाने केस उडवत मला बडवलं. त्याची बायको खिडकीशी रडत उभी होती आणि मागे नाचणाऱ्यांची रांग.

मुलगी चित्रीकरण पाहायला आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला. "साहेब, बाबा असे वाजवत नसत. आई झोपलेली असायची."

"ताई, इतकं हळू वाजवलं तर प्रेक्षकही झोपतील!"

"अहो, आईची झोप मोडू नये म्हणून तर ते संगीत तसं झालं," ती म्हणाली. पण तोवर कॅमेरा सुरू झाला होता.

पहिल्या खेळाला मला चित्रपटगृहाच्या दारात शोभेसाठी ठेवलं. लोक बाहेर पडू लागले.

"डोकं उठलं बुवा. नुसता दणदणाट!"

"आणि बायकोला किती छळायचा गं तो!"

मुलगी तिथेच उभी होती. गर्दी ओसरल्यावर ती माझ्यापुढे बसली आणि धून वाजवू लागली. पहिल्याच सुराला तिकीटवाला दचकून वळला. तिने बोटं हलकी केली, गळ्यातला स्कार्फ काढून तारांपुढे खोचला. नुसती टकटक झाली. "कसा वाजायचास रे तू?" तिने विचारलं.

सिनेमा आठवड्यात उतरला. मी तिच्या घरी परत आलो. ती रोज माझ्यावरची धूळ पुसते, वाजवत मात्र नाही.

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू हाती आली आणि तिच्यात काही विचित्र दिसलं, तर हसण्याआधी विचारा. ते कशासाठी आहे हे सांगणारं माणूस अनेकदा हाकेच्या अंतरावर असतं. माझ्या वेळीही होतं.